सुपरवायझरशी हातघाई, चौकशी न करता कामावरून काढलं: आता कायद्याने काय करता येईल?

तळेगावची_ताई

भाऊजी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये जून २०१६ पासून कायम ऑपरेटर आहेत. कायम कामगार साधारण १४०, बाकी काँट्रॅक्टवाले. युनियन नाही. ९ फेब्रुवारी २०२६ ला दुसऱ्या पाळीत रिजेक्शनच्या आकड्यावरून लाइन सुपरवायझरशी वाद झाला. त्याने आईवरून शिवी दिली, भाऊजींनी कॉलर धरली, मग दोन्हीकडून धक्काबुक्की. मशीन बंद होतं. भाऊजींच्या ओठाला दोन टाके पडले. सुपरवायझरने रात्रीच पोलिसांत एनसी (अदखलपात्र तक्रार) दिली.

दुसऱ्या दिवशी एचआरने बोलावून "राजीनामा लिहून दे, हिशोब व्यवस्थित करू" म्हटलं. भाऊजींनी दिला नाही. त्यानंतर गेटवर पंच चालेना. १२ तारखेला व्हॉट्सअॅपवर पत्राचा फोटो आला: "दि. ९ रोजीच्या आपल्या हिंसक व शिस्तभंगाच्या वर्तनामुळे कंपनीचा आपल्यावरील विश्वास उडाला असून आपली सेवा तात्काळ समाप्त करण्यात येत आहे. नियुक्तीपत्रातील अट १४ नुसार एक महिन्याचे वेतन आपल्या खात्यात जमा केले आहे." चार्जशीट नाही, चौकशी नाही. सुपरवायझर मात्र कामावर आहे.

केस होते का? कुठे? किती दिवसांत? ग्रॅच्युइटी, पीएफ बुडेल का? बेसिक आणि डीए मिळून १८,००० होते.

जुना_गेटपास

ताई, पत्रातली दोन वाक्यं वेगवेगळी वाचा. पहिल्यात आरोप आहे: हिंसक वर्तन. म्हणजे ही शिक्षा, आणि शिक्षा द्यायची तर आधी आरोपपत्र, खुलासा, चौकशी. दुसऱ्या वाक्यात मालक म्हणतोय की ही फक्त नोटीस पे देऊन केलेली साधी सेवासमाप्ती आहे. मग ती कामगार कपात ठरते आणि कपातीला महिन्याच्या पगाराखेरीज प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तो दिलेला नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभं राहायचा हा प्रयत्न आहे आणि कोर्टात दोन्हीकडून घसरतो. म्हणून हे पत्र जपा. व्हॉट्सअॅपवरचा मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. नुसता स्क्रीनशॉट पुढे कमी पडतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडायला मूळ फोन हाताशी लागतो.

आता या आठवड्यातली कामं.

भाऊजींनी आपल्या पाळीच्या वेळी गेटवर जाऊन यावं, आत घेतलं नाही तर गेटवरूनच कंपनीच्या ईमेलवर चार ओळी टाकाव्यात: अमुक वेळी हजर झालो, प्रवेश नाकारला, कामावर येण्यास तयार आहे. हे केलं नाही तर सहा महिन्यांनी कंपनीच्या लेखी जबाबात "कामगार स्वतःहून येईनासा झाला" हे वाक्य हमखास येतं.

सीसीटीव्हीसाठी पत्र आजच. "फुटेज द्या" एवढं मोघम नको. तारीख, वेळेची खिडकी (उदा. रात्री ८.१५ ते ८.४५), कोणत्या लाइनवरचा कॅमेरा, आणि "हे फुटेज नष्ट होऊ देऊ नये, कोर्टात मागितलं जाणार आहे" असं स्पष्ट. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) भरला की जुनं पुसून नवं चढतं, बऱ्याच ठिकाणी महिनाही टिकत नाही. पत्र मिळूनही पुसलं गेलं, तर मालकाच्या विरुद्ध अर्थ काढा असं कोर्टाला सांगता येतं.

टाके कुठे घातले? सरकारी दवाखान्यात घातले असतील तर एमएलसी (पोलिसांना कळवायच्या जखमेची दवाखान्यातली नोंद) नंबर आणि जखमेची नोंद मागून घ्या. खासगीत असतील तर केसपेपरवर "मारहाणीत जखम" लिहिलंय का ते बघा. नुसतं "ओठाला जखम" असेल तर मशीनवर लागलं म्हणतील.

पत्रं पाठवताना लक्षात घ्या, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय. स्पीड पोस्ट करा, डिलिव्हरीचा पुरावा मागा, ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा.

यूएलपी_वाला

वरचं सगळं बरोबर. मी दरवाजांबद्दल लिहितो, कारण चुकीचा दरवाजा ठोठावण्यात लोकांचे महिने जातात. पोलीस स्टेशन नोकरी परत देत नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस सुरक्षेचं आहे, तिथेही हा विषय नाही.

पहिला दरवाजा, महाराष्ट्रातला खास: अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधाचा १९७१ चा राज्याचा कायदा, ज्याला सगळे पीयूएलपी म्हणतात. अनुसूची ४ मधली पहिली नोंद बडतर्फीबद्दलच आहे. त्यातले तीन पोटभाग इथे लागू होतात: नैसर्गिक न्यायाला (आरोप सांगून म्हणणं ऐकून घेण्याच्या तत्त्वाला) सरळ हरताळ फासून किंवा अनाठायी घाईने काढणं, अधिकाराचा खोटा आव आणून, सद्भाव न ठेवता काढणं, आणि किरकोळ गैरवर्तनासाठी मागची सेवा न बघता धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा. कलम २८ खाली कामगार न्यायालयात तक्रार, मुदत ९० दिवस. १२ फेब्रुवारीपासून मोजलं तर १३ मे. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण विसंबू नका. एप्रिल उजाडायच्या आत दाखल करा.

तक्रारीसोबत अंतरिम अर्जही जातो. त्याला कोर्टात यू-२ म्हणतात, वकिलाच्या तोंडी हाच शब्द ऐकाल. खरं सांगायचं तर काढून टाकल्यावर यू-२ वर कामावर परत घेण्याचा आदेश क्वचित मिळतो. नुसतं आरोपपत्र मिळालेलं असतानाच गेलात तर बडतर्फी रोखायची संधी जास्त. बडतर्फीची वाट न बघता आधीच तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हिंदुस्तान लिव्हरच्या प्रकरणात मान्य केलंय. भाऊजींसाठी ती वेळ गेली, पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडेल.

दुसरा दरवाजा: औद्योगिक विवाद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ चा कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली, त्यामुळे नेटवरची जुनी उत्तरं जपून वाचा. पूर्वी बडतर्फीपासून तीन वर्षं मिळायची. आता विवाद उद्भवून दोन वर्षं झाली की समेट अधिकारी तो हातात घेत नाही. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज, समेटाच्या बैठका, जमलं नाही तर अहवाल, आणि अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज. हा ९० दिवसांचा काटा पीयूएलपीच्या ९० दिवसांहून वेगळा आहे. दोन्हींची गल्लत करून मुदत घालवणारे पुष्कळ.

दोन्ही दरवाजे एकदम उघडता येत नाहीत. पीयूएलपीच्या कलम ५९ ने त्याच विषयावर दुहेरी कारवाई बंद केली आहे. चौकशीच न करता काढल्याचं प्रकरण असेल तर माझा कल पीयूएलपीकडे. हा कायदा राज्याचा आहे आणि संहितेने रद्द केलेल्या तीन कायद्यांत तो नाही. तरी मालकाचा वकील संहितेकडे बोट दाखवून हरकत घेऊन बघेल, त्याची तयारी ठेवा.

एक भ्रम मात्र आत्ताच काढून टाका. "चौकशी झाली नाही, म्हणजे केस जिंकली" असं नसतं. मालक लेखी जबाबातच म्हणू शकतो की आम्हाला गैरवर्तन कोर्टासमोर सिद्ध करू द्या. मग सुपरवायझर, शेजारचा ऑपरेटर, टाइम ऑफिसचा माणूस पिंजऱ्यात येतात आणि खरी लढाई तिथे होते. म्हणून साक्षीदार आतापासून शोधा. शिवी ऐकलेला एक जण मिळाला तर केसचा रंग बदलतो. काँट्रॅक्टवाला साक्षीदार असेल तर तो सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. त्याचा पत्ता आज लिहून ठेवा.

एचआरच्या_खुर्चीतून

दुसरी बाजू मांडतो, कारण कंपनी काय करेल ते आधी कळलेलं बरं.

तुमची नोटीस गेली की कंपनीचा सल्लागार पत्र वाचून कपाळाला हात लावेल. मग दोनपैकी एक. एक तर गप्प बसून कोर्टात सिद्ध करू म्हणतील. नाहीतर १२ तारखेचं पत्र मागे घेतील, निलंबित करतील आणि रीतसर आरोपपत्र देतील. दुसरं झालं तर जिंकलो म्हणून नाचू नका, चौकशीला तयार व्हा.

निलंबन असेल तर निर्वाह भत्ता: पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, चौकशी कामगाराच्या दोषाशिवाय लांबली तर पुढे ७५ टक्के. आता एक मेख. महाराष्ट्रात पूर्वी ५० कामगारांच्या कारखान्यालाही स्थायी आदेश (नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे मंजूर नियम) लागू होते. नव्या संहितेत ही मर्यादा ३०० झाली. १४० कायम कामगारांच्या कारखान्यात "आम्हाला स्थायी आदेश लागू नाहीत" हे ऐकायची तयारी ठेवा. तरी आरोप सांगणं, म्हणणं ऐकणं, पुरावा तपासू देणं हे चुकत नाही. ते स्थायी आदेशांवर अवलंबून नाही.

आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा आणि नेमकी कृती हवी. "आपण गैरवर्तन केले" एवढंच असेल तर खुलाशात पहिलं वाक्य "आरोप संदिग्ध आहे, तपशील द्या" आणि दुसरं "तरीही आरोप अमान्य". चौकशी अधिकारी बहुधा बाहेरचा वकील असतो. कंपनीची बाजू मांडणाराही कायद्याचा माणूस असेल तर आपल्यालाही वकील मिळावा असा लेखी अर्ज द्या, बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या १९८३ च्या निकालाचा आधार घ्या. नाही म्हणाले तर त्या नकाराची नोंद कामकाजात करून घ्या. कामकाज मराठीत मागा. प्रत्येक तारखेची प्रत त्याच दिवशी घ्या. न वाचता पानावर सही नाही. आणि तारखेला दांडी तर अजिबात नाही, एकतर्फी चौकशी पूर्ण होते आणि मग नैसर्गिक न्यायाचा मुद्दा हातातून जातो. शेवटी चौकशी अहवालाची प्रत मिळून त्यावर म्हणणं मांडायला मिळालंच पाहिजे, १९९३ पासून हा कायदा पक्का आहे.

आता कटू भाग. वरिष्ठावर हात टाकणं कोर्टं हलकं घेत नाहीत. नुसत्या शिवीगाळीवरूनही महिंद्रा अँड महिंद्राच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम ठेवली आणि खालच्या कोर्टाने दिलेली दया काढून घेतली. उलट १९८४ मध्ये डेल्टन केबलच्या प्रकरणात शिवीगाळीसाठी नोकरी घालवणं अतिरेकी ठरलं. म्हणजे तोलून बघतात: आधी कोणी डिवचलं, हत्यार होतं का, मशीन चालू होतं का, मागे मेमो आहेत का. तुमच्याकडे बंद मशीन, आधी आलेली शिवी, ओठाचे टाके, दहा वर्षांची सेवा हे आहे. त्यातच सर्वांत मजबूत मुद्दा म्हणजे दोघांचं भांडण आणि शिक्षा एकालाच. सुपरवायझरला साधा मेमो तरी दिला का, हे लेखी विचारा. उत्तर आलं नाही तरी प्रश्न रेकॉर्डवर येतो.

बोनस_ग्रॅच्युइटी

पैशांचं सांगतो. पत्रातला "हिंसक" हा शब्द उगाच पडलेला नाही. दंगामस्ती किंवा हिंसक कृत्यासाठी सेवा संपवली तर ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा अंशतः जप्त करता येते. आवारातल्या हिंसक वर्तनासाठी बडतर्फ झालेल्याला बोनसही नाकारता येतो. त्यामुळे नोटिशीत फक्त "कामावर घ्या" न म्हणता "हिंसक वर्तनाचा निष्कर्ष चौकशीविना काढला आहे, तो अमान्य" हे वाक्य हवंच. ग्रॅच्युइटी जप्तीसाठी वेगळा आदेश लागतो, त्याआधी म्हणणं ऐकावं लागतं. "हिशोबातून वजा केली" एवढं पुरत नाही.

ग्रॅच्युइटीचा आकडा: १८,००० × १५ × ९ ÷ २६ = ९३,४६१ रुपये.

पीएफ आपला आणि मालकाचा दोन्ही वाटा, कंपनी अडवू शकत नाही. शिल्लक रजेचा पगारही बडतर्फीत बुडत नाही. काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत थकीत पगार देणं बंधनकारक आहे. दिला नसेल तर तारखेसह मागणी करा.

जुना_गेटपास

वर्षं चुकली. जून २०१६ ते फेब्रुवारी २०२६ म्हणजे ९ वर्षं ८ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. १० वर्षं, १,०३,८४६ रुपये. शिवाय बेसिक-डीए सोडून बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर नव्या व्याख्येप्रमाणे वरचा भाग वेतनात मिळवून हिशोब करावा लागतो. पगाराची स्लिप काढून बघा.

तळेगावची_ताई

सगळ्यांचे आभार. भाऊजींना विचारून आणखी दोन गोष्टी कळल्या, त्या त्यांनी आधी सांगितल्या नव्हत्या. १० तारखेला एचआरच्या केबिनमध्ये "माझ्याकडून चूक झाली, मी माफी मागतो, पुन्हा होणार नाही" असं लिहून सही केलीय, एचआरने सांगितलं तसंच. आणि घर चालवायला ते सध्या चुलतभावाचा टेम्पो चालवतायत, दिवसाला ५०० मिळतात. याने केस गेली का? महिन्याचा पगार खात्यात आलाय तो परत करायचा का? वकिलाची फी परवडेल असं वाटत नाही.

यूएलपी_वाला

माफीनामा हा चुलीतला निखारा आहे, पण सगळं घर जळालेलं नाही. कंपनी म्हणेल, कबुली दिली, आता चौकशी कशाला. बघायचं हे की त्यात काय कबूल केलंय. "चूक झाली" आणि "मी मारलं" यांत फरक आहे. कसली चूक, कधी, कोणाशी हे त्यात नसेल तर ती आरोपाची कबुली ठरवणं मालकाला जड जातं. त्यातही तेव्हा आरोपपत्रच नव्हतं, मग कबुली कशाची? पण गप्प राहिलात तर तो कागद पक्का होत जातो. आजच कळवा की मजकूर एचआर अधिकाऱ्याने सांगितला, नोकरी वाचेल असं आश्वासन दिलं होतं, प्रत दिलेली नाही, आणि त्यात मारहाणीची कबुली नाही. चार महिन्यांनी कोर्टात पहिल्यांदा हे सांगितलं तर वकिलाने पढवलेलं वाटतं.

टेम्पोचं लपवू नका. मागच्या पगारासाठी आधी कामगारानेच सांगावं लागतं की मी इतरत्र लाभाच्या नोकरीत नाही, मग उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर जाते. क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात २०१३ मध्ये हे नीट मांडलंय. तेव्हा प्रतिज्ञापत्रात खरं लिहा: अमुक तारखेपासून अनियमित, रोज ५०० पर्यंत. पोटासाठी केलेलं तुटपुंजं काम आड येत नाही, खोटं प्रतिज्ञापत्र येतं. कंपनीचा माणूस टेम्पोचा फोटो काढून उलटतपासात समोर ठेवतो आणि मग माणसाच्या बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास जातो.

बोनस_ग्रॅच्युइटी

महिन्याचा पगार परत करायची गरज नाही. "सेवासमाप्ती मान्य नाही, रक्कम हक्क राखून ठेवली आहे" असा ईमेल करा. पुढे फुल अँड फायनलच्या (अखेरच्या हिशोबाच्या) कागदावर सहीची वेळ येईल, त्यात तळाशी बारीक अक्षरात "माझा कोणताही दावा उरलेला नाही" असतं. सहीच्या वर स्वतःच्या हाताने "हक्क राखून, निषेधासह" लिहा. लिहू देत नसतील तर सही नाही.

वकिलाबद्दल: औद्योगिक कामगाराला मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, हेल्पलाइन १५१००. नियुक्तीपत्र आणि ओळखपत्राची प्रत घेऊन जा. मिळणारा वकील कामगार कायद्याचा नियमित काम करणारा हवा, असं अर्जातच लिहा.

स्टोअरकीपर

मध्येच विचारतो, मी काँट्रॅक्टवर आहे, माझ्या मित्राचंही असंच झालंय. हेच लागू होतं का?

यूएलपी_वाला

पीयूएलपीत अडचण येईल. मूळ कंपनी "हा आमचा कामगारच नाही" म्हणाली की तो वाद त्या कायद्याखाली सुटत नाही, २००१ च्या सिप्ला निकालापासून. कंत्राटदाराविरुद्ध जाता येतं, किंवा विवादाच्या रस्त्याने. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल. आणि कोणी मॅनेजर वाचत असेल तर: व्हिजिटिंग कार्डावरच्या पदनामाने ठरत नाही, रोजचं मुख्य काम काय यावर कामगार की नाही ते ठरतं. सुपरवायझरी काम असेल तर नव्या संहितेत महिना १८,००० ही रेषा आहे, त्याहून जास्त पगार असेल तर कामगार धरत नाहीत.

एचआरच्या_खुर्चीतून

एनसीचं राहिलं. नुसती एनसी म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, आणि तिच्यावरून काढताही येत नाही. पण पुढे फौजदारी खटल्यात सुटका झाली म्हणून नोकरी आपोआप परत मिळत नाही, खटला आणि नोकरीतली चौकशी यांचा पुराव्याचा मापदंड वेगळा. भाऊजींनी आपलीही तक्रार नोंदवावी, केसपेपर जोडून. उशीर का झाला ते एका ओळीत लिहावं.

समेटाच्या बैठकीत कंपनी पैसे पुढे करेल, तेव्हा आकडा नंतर, आधी कागदावरचे शब्द पक्के करा. १२ तारखेचं पत्र मागे घेतलं, सेवेत खंड नाही, "हिंसक" हा शब्द रेकॉर्डवरून काढला, अनुभवपत्र साध्या मजकुराचं. हे आलं की ग्रॅच्युइटी आणि बोनस दोन्ही आपोआप मोकळे होतात. मगच वरच्या रकमेवर बोला.

जुना_गेटपास

ताईंसाठी पत्राचा मजकूर, हवा तसा बदला:

"आपले दि. १२/०२/२०२६ चे पत्र व्हॉट्सअॅपवर मिळाले. त्यातील आरोप मला मान्य नाहीत. मला आरोपपत्र दिले नाही, चौकशी केली नाही, म्हणणे ऐकले नाही. वादाची सुरुवात माझ्याकडून झाली नाही व त्यात मलाच इजा झाली. दि. १०/०२/२०२६ रोजी आपल्या कार्यालयात माझ्याकडून लिहून घेतलेला मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिलेला असून त्यात मारहाणीची कबुली नाही. त्याची प्रत द्यावी. संबंधित सुपरवायझरवर काय कारवाई केली ते कळवावे. मी कामावर हजर होण्यास तयार आहे. सात दिवसांत पूर्ववत कामावर घ्यावे. खात्यात जमा केलेली रक्कम मी हक्क राखून ठेवली आहे."

खाली सही, तारीख, टोकन नंबर. भाऊजींच्याच हस्ताक्षरात असलं तरी चालतं. स्पीड पोस्टाने एक, ईमेलने एक, तिसरी प्रत पावतीसह प्लास्टिकच्या फायलीत.